ऊस नसलेला रस्ता

रविवारी सकाळी आमच्या सोलापुरात हल्ली सायकलवाल्यांचे घोळके निघतात. डोक्यावर हेल्मेट, अंगाला चिकटलेले रंगीत टीशर्ट, आणि सायकल एवढी हलकी की एका बोटावर उचलावी. त्या घोळक्यात मागे एक पांढऱ्या केसांची बाई असते, ती मी. नर्सची नोकरी संपल्यावर गुडघ्याच्या डॉक्टरांनी फार चालू नका म्हणून सांगितलं. सायकल चालवू नका असं काही ते म्हणाले नाहीत, म्हणून मी घेतली. ही पोरं फोनवर नकाशा उघडतात आणि शेवटी मलाच विचारतात, "मावशी, ट्रॅफिक नसलेला रस्ता सांगा ना." मी सांगते. हिप्परग्याच्या तलावामागून कुठे वळायचं, कुठल्या कॅनॉलच्या कडेनं गेलं की बगळे सोडून कुणी भेटत नाही, कुठली वाट पावसानंतर आठवडाभर विसरून जायची. पोरांना वाटतं, मावशीला निसर्गाची फार आवड. निसर्ग कसला डोंबलाचा! मला रिकामे रस्ते शोधायची सवय लागली, कारण त्याशिवाय मला शाळेत जाऊ देणार नव्हते.

आमचं घर करकंबच्या अलीकडे एका बागाईतदाराच्या वस्तीवर होतं. घर म्हणजे त्यांनीच राहायला दिलेल्या पत्र्याच्या दोन खोल्या. माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, त्या बागाईतदाराचा ट्रॅक्टर चालवायचे. आमची स्वतःची जमीन गुंठाभरसुद्धा नव्हती. कारखाना सुरू झाला की आप्पा घरी पाहुण्यासारखे यायचे. ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांत आमच्या पत्र्यापेक्षा उंच रचलेला ऊस, आणि कारखान्याच्या दारात ही लांबलचक रांग. आई चुलीपुढे बसून आवाजावरून ट्रॅक्टर ओळखायची. रस्त्यानं एकामागून एक ट्रॅक्टर जायचे, ती आपली भाकरी थापत राहायची, आणि मध्येच म्हणायची, "पाणी ठेव गं शाले, आला तुजा बाप." मला सगळे आवाज सारखेच वाटायचे, पण आई कधी चुकली नाही. मग आप्पा अंगावरचं पाचट झटकत, हातपाय धुऊन बसायचे. गरम भाकरी, शेंगाची चटणी, तिच्यावर कच्च्या तेलाची धार, आणि बुक्कीनं फोडलेला कांदा. थंडीत गुऱ्हाळावरून काकवी यायची, ती मी भाकरीशी इतकी खायचे की आईनं बरणी फळीवर चढवून ठेवली होती. आता माझ्या मुलाच्या घरी काकवी लेबल लावलेल्या बाटलीत येते. चव आहे, नाही असं नाही, पण बाटलीत बोट जात नाही.

वस्तीजवळच्या शाळेत वर्ग सातवीपर्यंतच होते. पुढची शाळा करकंबला, आणि करकंबला जायचा डांबरी रस्ता सगळा उसाच्या गाड्यांचा. आप्पा मला शिकवायच्या विरोधात नव्हते. त्यांचा विरोध रस्त्याला होता, आणि तो रस्ता त्यांच्याइतका कुणाला माहीत असणार! मागच्याच हंगामात त्यांची मागची ट्रॉली वळणावर कलंडली होती. सगळा ऊस बाभळीखाली उभ्या केलेल्या एका सायकलीवर पडला. सायकलवाला नुकताच लघवीला म्हणून झाडामागे गेला होता, म्हणून वाचला. वस्तीवर सगळे पोट धरून हसले, त्या माणसाला पुढे वर्षभर लोकांनी त्यावरून छळलं, पण आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. माझ्या शाळेचा विषय निघाला तेव्हा ते आईला म्हणाले, "दोन ट्रॉल्या जोडल्या की मागची कुटं चाललीया ते मला दिसत न्हाय. माज्या म्होरं माजीच पोरगी आली तरी मला कळायचं न्हाय. त्या रस्त्यानं मी तिला सोडणार न्हाय म्हंजी न्हाय."

आई म्हणाली, "मग काय पोरीनं घरी बसावं?"

"ज्या रस्त्यावर ऊस न्हाय त्या रस्त्यानं जा म्हणावं. माजी ना न्हाय."

आमच्या भागात ऊस नसलेला रस्ता! आईला वाटलं त्यांनी टोमणा मारला, ती पाठ फिरवून भांडी आपटायला लागली. मी मात्र तो टोमणा मानलाच नाही. मी लहानपणापासून हट्टी. आई म्हणायची, हिच्या डोक्यात एकदा शिरलं की बैल लावून ओढलं तरी निघत नाही. आप्पांनी अट घातली आहे ना, मग मी रस्ता शोधते, असं मी ठरवूनच टाकलं. आप्पांची जुनी काळी सायकल छपरात उभी होती. मधल्या दांड्याखालून पाय घालून कैची मारायला मी आधीच शिकले होते, पडून पडून दोन्ही गुडघे सोलवटून झाले होते. सायकल होती, अंगात खुमखुमी होती, राहिला फक्त रस्ता.

माझ्याबरोबर रजिया होती. माझ्याच वर्गातली, शेजारच्या वस्तीवरची. तिचे अब्बा विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे, आणि त्यांना हत्यारं द्यायला ती लहानपणापासून रानोरान फिरलेली. कुणाच्या विहिरीला कुठून वाट आहे, कुणाचा कुत्रा सोडलेला असतो, सगळं तिला तोंडपाठ. त्या सुट्टीत आम्ही दोघींनी सायकल ढकलत सगळा शिवार पालथा घातला. एक गाडीवाट चांगली दिसली म्हणून गेलो, ती थेट एका विहिरीच्या काठावर संपली. दुसरी ऊसतोडीच्या टोळीच्या खोपटांतून जात होती, तिथली कुत्री मागे लागली तेव्हा रजिया सायकल टाकून पळाली आणि मी सायकल घेऊन पळाले. त्यावरून ती मला किती दिवस चिडवत होती, "शाले, तुला जीव प्यारा न्हाय, सायकल प्यारी हाय!" शेवटी सापडला. आमच्या वस्तीमागून कॅनॉल जायचा, त्याच्या भरावावर मुरमाचा अरुंद रस्ता होता. त्यावर पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या सायकलीशिवाय काही जायचं नाही, कारण टोकाला मोठी वाहनं अडवायला लोखंडी आडवा दांडा होता. तिथून पलीकडे एक पाणंद होती, दोन्ही बाजूंनी घाणेरीच्या जाळ्या असलेली, करकंबच्या शाळेच्या मागे निघणारी. एवढी अरुंद की त्यात बैलगाडी शिरली असती, ट्रॉली नाही. आणि कॅनॉल ते पाणंद यांच्या मधे गेनूनाना नावाच्या शेतकऱ्याच्या रानाचा बांध. हाकेच्या अंतराचा एक बांध, बस्स.

आप्पांनी शाळा सुरू व्हायच्या आधी एकदा स्वतः तो रस्ता चालून बघितला. मी पुढे सायकल घेऊन, ते मागे हात बांधून.  पाणंदीच्या तोंडाशी उभे राहून त्यांनी इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाले, "शाळेची फी कदी भरायची आस्ती?"

त्या रस्त्याचं सुख काय सांगू! सकाळी कॅनॉलवर वाफ निघायची. पाणी सोडलेलं असलं की सोबत त्याचा आवाज, नसलं की आमच्या चेनचा. खंड्या तारेवर बसलेला असायचा. रजिया मागच्या कॅरिअरवर बसून पाढे, कविता, सनावळ्या मोठमोठ्यानं म्हणायची, मी पायडल मारत मागून म्हणायचे. आमचं निम्मं पाठांतर कॅनॉलवर झालं, ऐकायला कुणी नव्हतं म्हणून लाजही नव्हती. लांब डांबरीवर ट्रॅक्टरांची घरघर चालू असायची आणि त्यातला कुठलातरी आप्पांचा असायचा. आज ही पोरं कानात गाणी घालून सायकल चालवतात तेव्हा मी त्यांना ओरडते. अरे, रिकामा रस्ता मिळालाय, तो ऐका की जरा.

हा रस्ता मोडला तो आप्पांमुळे, आणि तोही माझ्यावरच्या मायेनं. मी दहावीला होते. माघात एकदा अवकाळी झोडपून पाऊस पडला. कॅनॉलचा मुरूम लगेच निचरला, पण नानांच्या बांधावर काळी माती. चाकाला आणि मडगार्डला असा चिखल बसला की चाक फिरेना. काटकीनं काढायचं, चार पावलं जायचं, परत तेच. मी सायकल खांद्यावर घेऊन घरी आले, गुडघ्यापर्यंत चिखल, वेणी सुटलेली. आप्पा दारातच होते.  दुसऱ्या दिवशी रानं ओली म्हणून ऊसतोड बंद होती आणि मालकाचा ट्रॅक्टर मोकळा होता. आम्ही शाळेत असताना त्यांनी कॅनॉलकडेचा ट्रॉलीभर मुरूम लोखंडी दांड्यापर्यंत आणला आणि तिथून घमेल्यानं नेऊन त्या बांधावर अंथरला. फावड्यानं सारखा केला, पाणी मारलं, पायानं दाबला. संध्याकाळी आम्ही परत आलो तर बांधावर हा तांबडा गालिचा! रजिया म्हणाली, "या अल्ला, शाले, तुज्या बापानं तर हायवे केला." मी सायकलवरून न उतरता सबंध बांध पार केला, आणि आप्पांना घरी येऊन सांगितलं. ते नुसते हसले. त्यांना इतकं खूष मी क्वचितच बघितलं होतं.

सकाळी जाऊन बघतो तर बांधाच्या दोन्ही टोकांना बाभळीच्या काट्या रचलेल्या. मधला मुरूम नांगराच्या फाळानं उकरलेला. आणि पलीकडे, मोटारीच्या खोलीपाशी गेनूनाना कमरेवर हात ठेवून उभे.

"नाना, ह्ये काय?" मी ओरडले.

"मलाच इचारतीस व्हय? तुज्या बापाला इचार. आज मुरूम टाकला, उद्या खडी टाकंल, परवा म्हणंल ह्यो माजा रस्ता हाय."

"आमी काय रस्ता मागाय लागलोय का, नाना! शाळंत तर जातोय."

"माज्या बापालाबी एकजण असंच म्हणला हुता," नाना म्हणाले, आणि पलीकडच्या अंगाला हात केला. तिकडे त्यांच्या रानाला चिरत एक रुंद गाडीवाट गेली होती. "पाण्याला जातो म्हणला. बापानं जाऊ दिलं. पायवाट हुती, मग त्यानं दगड टाकलं, मग गाडी आणली. तहसीलात गेलो तर साहेब म्हणला, इतकी वर्सं वापर हाय, आता ही वहिवाट झाली, तुमाला आडवता येत न्हाय. ग्येली की न्हाय माजी जमीन? पायानं चालणाऱ्याला मी कदी बोललो न्हाय. पर मुरूम न्हाय चालायचा."

मला तेव्हा भयंकर राग आला होता. आता कळतं, त्यात नानांचं काही चुकलं नव्हतं. दुसऱ्याच्या बांधावर मुरूम टाकायचं कुठल्याही जमीनवाल्याच्या मनात आलं नसतं. ज्याला जमीन आहे त्याला बांध कोरणं, हद्दीचे दगड सरकवणं, वहिवाट लागणं, हे सगळं आईच्या दुधाबरोबर ठाऊक असतं. आप्पांकडे जमीन नव्हती. त्यांना एवढंच दिसलं की वाट चिखलाची आहे आणि पोरगी त्यावरून जाते.

आम्ही शाळा बुडवून तशाच घरी परतलो आणि आप्पांना सांगितलं, त्यांना हे फार लागलं. नानांकडे जाऊन बोला म्हटलं तर जाईनात. "मी काय त्याची जमीन लुबाडायला गेलो हुतो? ऱ्हाऊ दे आता. बास झाली शाळा," असं म्हणून भिंतीकडे तोंड करून निजले. परीक्षा तोंडावर आली होती आणि हा माणूस म्हणतो बास झाली! मी तशीच उठले, छपरातलं घमेलं आणि खोरं घेतलं आणि बांधावर गेले. मुरूम खोऱ्यानं ओढायचा, घमेल्यात भरायचा, कॅनॉलच्या भरावावर नेऊन ओतायचा. डोक्यावरून माती कपाळावर गळत होती. एका टोकाचा मुरूम उचलून होत आला तेव्हा मागून दुसऱ्या खोऱ्याचा आवाज आला. आप्पा आले होते. मला म्हणाले, "तू भर. मी वातो." आम्ही दोघं ऊन उतरेपर्यंत तेच करत होतो. ज्या हातांनी त्यांनी तो मुरूम माझ्यासाठी अंथरला होता त्याच हातांनी ते तो परत नेत होते, आणि मला त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. नाना मोटारीच्या खोलीशी बसून सगळं बघत होते. त्यांची बायको, आम्ही नानी म्हणायचो, हरभऱ्यात वाकून खुरपत होती. ती कायम तशीच दिसायची, वाकलेली. तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

शेवटचं घमेलं ओतल्यावर मी सरळ नानांपुढे जाऊन उभी राहिले. "नाना, तुमची माती तुमाला मोकळी करून दिली. आता आमाला जायला काय करावं लागंल ते सांगा. तुमी म्हणाल ते करीन, पर न्हाय म्हणू नका. माजी दहावी हाय."

नानांनी माझ्याकडे बघितलं, मग आप्पांकडे बघितलं. आप्पा मान खाली घालून पायानं खोरं साफ करत होते. "हट्टी हाय पोरगी," नाना म्हणाले. "मग ऐक. रोज इचारायचं. बांधाशी उतरायचं, नाना जाऊ का म्हणून हाक मारायची, आन् मी जा म्हणलो तरच पाय ठेवायचा, मग चाक. रोज इचारलं म्हंजी ती वहिवाट न्हाय, ती माजी परवानगी. एक दिस जरी न इचारता ग्येलीस तरी काट्या टाकीन, आन् परत उचलायच्या न्हाईत."

"इचारीन," मी म्हणाले.

आणि विचारलं. रोज. सकाळी जाताना, संध्याकाळी येताना. "नाना, जाऊ का?" रानातून कुठूनतरी आवाज यायचा, "जा!" कधी विहिरीतून, कधी झाडावरून, एकदा तर नाना अंघोळ करत होते तिथून. कधी मुद्दाम उत्तर द्यायचे नाहीत, मग हसत म्हणायचे, "आज जरा थांबा, इचार करतो." रजियाला त्याचा फार राग यायचा. ती म्हणायची, भीक मागितल्यासारखं वाटतं. मला तसं वाटायचं नाही. शब्द मी माझ्या तोंडानं दिला होता.

मग दहावीचा पहिला पेपर आला. आईनं दह्याचं बोट जिभेवर ठेवलं, आप्पा कारखान्यावर होते. आम्ही लवकरच निघालो, कॅनॉलवरून सुसाट आलो, बांधाशी उतरलो. मी हाक मारली, "नाना, जाऊ का?" उत्तर नाही. परत मारली. मोटारीच्या खोलीला कुलूप. विहिरीकडे धावत जाऊन आले, कुणी नाही. ओरडून ओरडून माझा घसा बसला.

"चल गं, कोण बगतंय!" रजिया म्हणाली. "एक दिवस न्हाय इचारलं तर काय मरतोय का आपण? पेपर हाय, शाले!"

"न्हाय."

"मग डांबरीनं जाऊ."

"त्यालाबी न्हाय. आप्पांना शब्द दिलाय." आणि डांबरीनं वळसा घालून आम्ही वेळेत पोचलोही नसतो. समोर रिकामा बांध, पलीकडे पाणंद दिसत होती, आणि मी सायकलचं हँडल धरून उभी. एकदा चाक ठेवलं की झालं, मला कुणी बघणार नव्हतं. पण मग उद्यापासून मी कुठल्या तोंडानं विचारणार होते? रजिया रडायला लागली. मला वाटलं, गेली दहावी. दोघींची गेली, आणि ती माझ्या हट्टानं गेली.

तेवढ्यात कडब्याच्या गंजीमागून नानी बाहेर आल्या. हातात विळा, पदर खोचलेला. "कवापास्नं वरडतीस गं? ते न्हाईत. लेकीला आणाय बार्शीला ग्येल्यात."

"नानी, आमचा पेपर हाय! ते न्हाईत तर आता आमी इचारायचं कुणाला?"

नानींनी बांधाकडे बघितलं, मग आमच्याकडे. मला वाटलं, जातील आता परत गंजीमागं. मग त्या म्हणाल्या, "मला इचार की."

 नानींनी विळा कडब्यावर ठेवला, पदर खोचलेला सोडला, डोक्यावर घेतला. "कागदावर नाव त्यांचं आसंल. पर हितलं खुरपणं, येचणं, काढणं कुणी केलं? लगीन होऊन आल्यापास्नं ह्या रानात हाय मी. आजवर एका माणसानं मला काय इचारलं न्हाय. तू इचार."

 मी नीट उभी राहिले आणि जशी नानांना मारायचे तशीच मोठ्यानं हाक मारली. "नानी, जाऊ का?"

"जा," त्या म्हणाल्या. आवाज बारीकच निघाला. आम्ही गेलो, धापा टाकत वर्गात शिरलो तेव्हा पेपर वाटत होते.

संध्याकाळी परत येताना बांधावर कुणी दिसलं नाही. मी दोघांच्याही नावानं हाका मारल्या, नानांच्या घराच्या बाजूनं काहीतरी होकारासारखं ऐकू आलं, तेवढ्यावर आलो. पण रात्रभर मला धाकधूक होती, की नाना आल्यावर हे ऐकून काय करतील. नानींना बोलतील, काट्या टाकतील, आणि अजून तर बाकीचे सगळे पेपर पडले होते.

सकाळी काट्या नव्हत्या. नाना मोटारीच्या खोलीपुढे बसून तंबाखू मळत होते. मी उतरले आणि भीतभीतच म्हणाले, "नाना, जाऊ का?"

त्यांनी वर बघितलंच नाही. तंबाखू मळत अंगठ्यानं हरभऱ्याच्या रानाकडे दाखवलं. "तिला इचार. काल तिनं सोडलं म्हणं. आता मला म्हणती, पोरींचं मी बगते, तुमी मदी बोलू नका." बोलले रागानंच, पण मिशीत हसू मावत नव्हतं.

नानी वाकून हरभरा उपटत होत्या. मी हाक मारली, "नानी, जाऊ का?" त्यांनी ऐकलं, ते मला दिसलं. तरी त्यांनी आधी हातातली पेंढी नीट बांधली. ती बाजूला ठेवली. मग सरळ उभ्या राहिल्या, कमरेवर हात ठेवून आमच्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, आणि साऱ्या शिवाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "जावा!"